वास गेला म्हणजे...

फोन मूर्तिजापूरहून आला. ट्रकने स्कूटी मागून उडवली होती आणि हवालदार सामानावरून ओळख पटवत होता. "चेहरा पाहण्यासारखा नाही बाई. बॅगेत पांढरा कोट आहे, त्याले सडक्या लसणाचा वास येऊन राहिला. काय काम करत होत्या ह्या?" मी म्हटलं, "रसायनशास्त्र शिकवते." मग विचारलं, जिवंत आहे का. त्याने शवागाराचा पत्ता सांगितला... मी गाडी काढली.

वनिता माझी धाकटी नणंद. अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवायची, एकटी राहायची, सणाला आमच्याकडे बार्शीटाकळीला यायची. तिच्याआधी तिचा वास घरात शिरे. मी तिला दारातूनच न्हाणीत पिटाळायची. रेणूतलं गंधक काढायचं आणि त्याच्या जागी ऑक्सिजन बसवायचा, हे तिचं आयुष्यभराचं काम. मूलद्रव्यांच्या तक्त्यात दोघं एकाच उभ्या रांगेत खालीवर बसतात म्हणून हे जमतं, असं ती सांगे. "भाऊ-भाऊ आहेत, वैनी. मोठ्याले हाकलतो आन् धाकट्याले गादीवर बसवतो. बाजूच्या कोणाले धक्का लागू देत नाही." काम संपलं हे कळतं कसं, असं मी विचारलं होतं. "यंत्र सांगते. पन त्याच्या आधी नाक सांगते. गंधक गेलं की वास जाते."

हात असे नाजूक, स्वभाव मात्र नव्हता. एकदा अकोल्याच्या बसमध्ये एकाने तिच्या कमरेला चिमटा काढला. तिने त्याचं बोट धरून मागे वाकवलं, ते मोडल्याचा आवाज मी ऐकला. पुढचा स्टॉप येईस्तोवर तिने ते सोडलं नाही. तो माणूस गुरासारखा ओरडत होता आणि ही मला सांगत होती, "खिडकी लाव, धूळ येऊन राहिली."

एका वर्षी महालक्ष्म्यांना ती आली, त्याच दिवशी शेजारचा गजानन कपाशीवर फवारणी करून आला आणि अंगणात उलट्या करू लागला. त्याचा थोरला भाऊ रामदास, मी आणि वनिता, आम्ही त्याला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे त्याला साबणाने धुतलं, कपडे बदलले, सलाईन लावलं. दुपारी उलट्या थांबल्या. गजानन उठून बसला, पाणी मागितलं. रामदासने त्याचं तोंड हुंगलं, केस हुंगले आणि खुशीत म्हणाला, "वास गेला. जहर उतरलं. चाल, घरी पंगत थांबली आहे." आमच्याकडे विषाची परीक्षा अशीच करतात, नाकाने.

वनिता उठली. "उतरलं नाही रे. आता चढून राहिलं."

"काऊन? चांगला तं बोलून राहिला तो."

"औषध बाटलीत होतं तवा त्यात गंधक होतं. आता याचं लिवर ते गंधक काढून ऑक्सिजन लावून राहिलं. जे मी तिकडे करतो, तेच. धाकटा भाऊ गादीवर येऊन राहिला, आन् तो मोठ्याहून जहाल आहे. अजून दोन-चार घंटे थांब."

"मास्तरीण, वर्गात शिकव. माह्या भावाले मी नेतो." त्याने सुई उपटली. रक्ताची चिळकांडी चादरीवर उडाली. नर्स डॉक्टरांना बोलवायला धावली. तिच्या मागे वनिताने दार लोटलं, पिशवीतून स्कूटीची साखळी काढली, दोन्ही कड्यांत अडकवून कुलूप लावलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये टाकली.

रामदासने तिच्या थोबाडीत मारली. तिने त्याच्या नाकावर डोकं हाणलं. त्याने केस धरून तिला दारावर आपटलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि तिचा पुढचा दात फरशीवर पडलेला मी पाहिला. माझ्या हातात आंबिलीचा स्टीलचा डबा होता, तो मी त्याच्या कानशिलावर घातला. बाहेरून लोक दार ठोकत होते. आणि या सगळ्यात मागे खाट खडखडू लागली.

गजाननचं अंग धनुष्यासारखं वाकलं होतं. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. वनिताने रक्ताळल्या हाताने कुलूप काढलं. डॉक्टर आत आले, सुया सुरू झाल्या. रामदास भिंतीला टेकून खाली बसला. "वास तं गेला होता," एवढंच म्हणत राहिला. गाडीत असता तर वाटेतच गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

गजानन जगला. रामदासने माफी मागितली नाही, तिनेही मागायला लावली नाही. दात मात्र तिने बसवून घेतला नाही. वर्गात हसले की पोरं घाबरतात, चांगलं आहे, म्हणायची. तिच्या तिरडीला पहिला खांदा रामदासनेच दिला, आणि तो शेवटपर्यंत कुणाला बदलू दिला नाही.

हवालदाराने दिलेला तो कोट मी मागच्या खोलीत खुंटीला लावला. घरचे म्हणाले, धुऊन टाक, जेवण जात नाही. मी धुतला नाही. तेराव्याला मी वाढत होते, भांडी मोजून परत करत होते, रडले नाही. बायका कुजबुजल्या, घट्ट आहे. आहेच.

काल झाडताना त्या खोलीत गेले. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कोट काढून नाकाशी धरला, बाही हुंगली, खिसा उलटा करून हुंगला. वास गेला होता.

मी दार लावून घेतलं, कडी घातली आणि तिथेच खाली बसले. वनिता म्हणाली होती तसंच. आता चढू लागलं होतं.