मत टाकायला आलेली बाई

सँडीफोर्डला पोस्टाच्या हिरव्या पेटीपाशी ती मला एकदाच भेटली. नागपूरची, माझ्याच वयाची. सगळा जन्म अमेरिकेत गेलेला, आता इथे, या तिसऱ्याच देशात, मुलाकडे राहते. हातातला लिफाफा पेटीत अर्धा घालायची आणि परत ओढायची.

"काय झालं बाई?" मी विचारलं.

"अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीचं मत आहे, भाऊ. तिथे माझी लेक आजारी आहे. नको ते लोक निवडून आले तर तिचं औषधपाणी बंद होईल. पण आमच्या राज्यात दर वेळी तेच जिंकतात, आणि राज्याच्या वाट्याची सगळी मतं त्यांच्याच पदरात पडतात. माझं वाया जातं. देशभरची मतं एकत्र मोजली असती तर गोष्ट वेगळी."

माझं तोंड फटकळ. म्हणालो, "मग घरी जा की. कशाला थंडीत कुडकुडताय?"

ती चिडली. "लेकीसाठी एवढंच हातात आहे. तेही सोडू?"

माझ्या बायकोच्या शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी हात टेकले होते, तरी मी रोज तिचे पाय चेपत होतो. कशाला चेपतोस, असं कुणी विचारलं असतं तर मारलंच असतं त्याला.

तिने लिफाफा सोडला आणि फटीतून आत बघत राहिली.

"पोचेल ना हो वेळेत?"

मला काय ठाऊक? तरी "पोचेल" म्हणालो.