पूजेतला डावा हात

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी देवानं मला नापास केलं, असं मी अकरा दिवस धरून चालले होते. आम्हा लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग रोज डाव्या तळहातावर घेऊन, त्याच्याकडे एकटक पाहत पूजा करतात. लग्न होऊन शिरूर अनंतपाळला आले तेव्हापासून माझा एक दिवस चुकला नव्हता, आणि खरं सांगते, याचा मला गर्वच होता. गेल्या वर्षी तो हात थरथरू लागला. भक्तीनंच थरथरत असेल, असं समजून मी मनातल्या मनात खूशही झाले! मग एका सकाळी लिंग तळहातावरून घरंगळून पाटावर पडलं. जाऊबाई म्हणाल्या, "कुठं तरी चुकलं असंल तुमचं." मी पूजा बंद केली आणि पदराखाली हात लपवू लागले. लिंग पुन्हा हाती घ्यायची आपली लायकी उरली नाही, एवढंच डोक्यात होतं.

बाराव्या दिवशी, प्रायश्चित्त विचारायला लातूरच्या मठात जावं म्हणून एसटीत बसले. शेजारी साठीच्या एक बाई होत्या. फोनवर कुणाला तरी "जयभीम" म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि त्यांची नजर माझ्या मांडीवर गेली. "किती दिस झाले, हात हालतोय?" त्यांनी सरळ विचारलं. त्या निवृत्त नर्स होत्या. परक्यापुढं रडायचा माझा स्वभाव नाही, पण लिंग पडल्याचं सांगताना मला रडूच कोसळलं. त्या म्हणाल्या, "ताई, तुमची भक्ती न्हाई पडली. हात गप ठेवला की हालतोय, पिशवी धरली की थांबतोय. मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, आजच." नुसतं सांगून थांबल्या नाहीत. लातूरला उतरल्यावर स्वतःचं काम बाजूला ठेवून मला घेऊनच गेल्या.

दवाखान्यात बसायला जागा नव्हती. फिट येणारे एक मास्तर, अर्धशिशीनं डोळे मिटून बसलेली बँकेतली बाई, साखरेच्या दुखण्यानं तळपाय बधिर झालेले एक दुकानदार, तोंड वाकडं झालेला ट्रॅक्टरवाला. सगळी कर्तीसवरती माणसं. आणि मी समजत होते, देवानं मला एकटीलाच वेचून काढलं! तोही एक गर्वच म्हणायचा. डॉक्टरांनी मला चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली आणि कंपवात असल्याचं सांगितलं. "मोठ्या माणसांत मेंदूची, नसांची दुखणी लई असतात. लपवतात, म्हणून दिसत न्हाईत," ते म्हणाले. पूर्ण जाणार नाही, पण गोळ्यांनी आवरेल. मी एकच विचारलं, पूजा करू का? "कराच," म्हणाले. बाहेर आले तर त्या नर्सबाई निघून गेल्या होत्या. त्यांचं नावही विचारायचं राहिलं. देवानं धाडलं की योगायोग, याचा काथ्याकूट मी करत नाही. मठात मात्र त्या दिवशी गेले नाही; प्रायश्चित्ताची गरजच वाटली नाही.

गोळ्या लागू पडल्या. तरी थंडीच्या सकाळी हात ऐकत नाही. मग मी यजमानांना हाक मारते. हा माणूस उभ्या आयुष्यात पूजेला बसलेला नाही! ते लिंगाला हात लावत नाहीत, माझ्या तळहाताखाली नुसता आपला तळहात धरतात. अशी कुणाच्या आधाराची पूजा पूर्वी मला चाललीच नसती. आम्ही लिंगायत येता-जाता एकमेकांना 'शरणु शरणार्थी' म्हणतो. जन्मभर म्हणत आले, पण शरण जाणं मला या दुखण्यानं शिकवलं, आणि त्याबद्दल मी देवाची ऋणी आहे.

परवा पूजा संपल्यावर वर पाहिलं, तर यजमान डोळे मिटून बसले होते. मी हात त्यांच्या तळहातावर तसाच राहू दिला.