बिनवासाचं पाणी

आमच्या भीमनगरच्या नळाचं पाणी गोड आहे, असं मी पंचवीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आलो. बाजार चौकातल्या नळाला ब्लिचिंगचा वास येतो, तिथला चहासुद्धा दवाखान्यात केल्यासारखा लागतो. आमच्या पाण्याला वासच नाही. पाहुण्याच्या हातात तांब्या देताना मी हे हमखास ऐकवायचो आणि पाहुणे मान डोलवायचे. रिटायर्ड मास्तर बोलतोय म्हटल्यावर आडवं कोण येणार? आडवी आली ती एकटी अन्नपूर्णा. तिच्याबद्दल लिहायचं तर मला स्वतःबद्दलही लिहावं लागेल, आणि ते मला जड जाणार आहे.

आंजनबोडी हे आमचं गाव देवरी तालुक्यातलं. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, तेव्हापासून पाट्या शहराच्या आणि नाल्या खेड्याच्या. अन्नपूर्णा इथल्या भोजराजजींची सून. तिचा जन्म चिचगडच्या पलीकडं, जंगलातल्या एका टोल्यावर, दहा-वीस घरांच्या पाड्यावर. तिथं उन्हाळ्यात नाला आटला की बायका वाळूत झिरी खणायच्या आणि वाटी-वाटीनं पाण्याचं गुंड भरायच्या. त्याच पाण्यानं तिचा चार वर्षांचा भाऊ हगवण लागून दोन दिवसांत गेला. ते पाणी दिसायला निवळशंख होतं, हे ती दरवेळी सांगायची. दहावी झाल्यावर भोजराजजींच्या मुलाशी, रत्नपालशी, लग्न होऊन ती इकडं आली. रत्नपाल ट्रक चालवतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. घरात ती आणि म्हातारा सासरा.

तिला गोड बोलता येत नाही. कुणाच्या घरी पाणी पुढं केलं तर आधी माठावर झाकण आहे का ते बघणार, मगच तांब्या हातात घेणार. बायकांना याचा राग यायचा. 'मोठी डॉक्टरीणच लागून गेली' म्हणायच्या. नगरपंचायतीच्या पाणी विभागात ती मानधनावर लागली आणि तिच्या या खोडीला नोकरीच मिळाली. निळी पिशवी खांद्याला लावून घरोघरी जायचं, नळाचं पाणी तपासायचं, वहीत लिहायचं. ती एकही घर चुकवायची नाही. कुत्रं बांधा म्हणून बाहेर उभी राहायची, पण परत जायची नाही.

आता नळाचं सांगतो. भोजराजजी आज एक्क्याऐंशीचे आहेत. लहानपणी ते आईबरोबर बाजार चौकातल्या विहिरीवर जायचे. विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. आपलं गुंड लांब ठेवायचं, कुणी वरून ओतलं तर घ्यायचं, नाही ओतलं तर उन्हात थांबायचं. छप्पन साली वस्ती बौद्ध झाली, पण विहीर तीच राहिली. पुढं नळयोजना आली तेव्हाही नळ चौकात लागला, आमच्या वस्तीत नाही. भोजराजजी अकरा दिवस ग्रामपंचायतीसमोर बसले, तेव्हा कुठं भीमनगरला लाइन मिळाली. नळ सुरू झाला त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की आता पाण्यासाठी त्या चौकात पाऊल टाकायचं नाही. पुढं पंचेचाळीस वर्षं वस्तीतल्या एकानंही टाकलं नाही. आणि दर वीस मार्चला, महाडच्या चवदार तळ्याच्या दिवशी, सारी वस्ती या नळाच्या ओट्याशी जमते. पहिली ओंजळ भोजराजजी पितात, मग आम्ही सगळे.

गेल्या वर्षी जानेवारीच्या आठ तारखेला अन्नपूर्णा माझ्या दारात आली. माझी मुलगी पिंकी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, अंगणात ऊन घेत बसली होती. अन्नपूर्णानं आमच्या नळाचं पाणी एका नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. ब्लिचिंग असलं तर पाणी पिवळं होतं. आमचं पांढरंच राहिलं.

"गुरुजी, तुमच्या पान्यात दवाई दिसूनच नाही राहिली," ती म्हणाली.

"बरंच आहे. म्हणून तर आमचं पाणी गोड."

"नाही जी. टाकीत दवाई पडली ते मी सोता पाहिली. चौकात वास येते, इथं काऊन नाही येत? मधात गेली कुठं? घाणीनं खाल्ली. तुमच्या पान्याले वास नाही, हेच वाईट आहे."

मग तिनं उभ्या उभ्या मला समजावलं. आमची लाइन नालीतून आलेली, पाइप चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा, जागोजाग सडलेला. पाणी सकाळी चाळीस मिनिटं येतं. उरलेला दिवस पाइप रिकामा राहतो आणि त्यात नालीचं पाणी शिरतं. त्यात घरोघरी टिल्लू पंप, ते नळाच्या पाण्याबरोबर नालीचंही ओढतात. हे सगळं ती दारात ऐकवत होती आणि मला राग येत होता. मी तापट आहे. शाळेतली पोरं मला मागून भट्टी म्हणायची. दहावी शिकलेली बाई माझ्याच अंगणात मला शिकवते, हे काही मला रुचलं नाही.

तिनं पिशवीतून औषधाची एक छोटी शिशी काढली, आमच्या नळाचं पाणी भरून झाकण लावलं, त्यावर चिकटपट्टीवर नाव आणि तारीख लिहिली. "उद्या याच टायमाले पाहा. पानी काळं झालं तं पिऊ नका. आन् पिंकी दोन जीवांची आहे, तिले तं उकळूनच द्या."

ती गेल्यावर मी शिशी उचलली आणि कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या मागं ठेवून दिली. बघायची नव्हतीच मला.

वस्तीतल्या बारा घरी तिनं शिश्या ठेवल्या होत्या. अकरा काळ्या झाल्या, असं तिनं पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर सांगितलं. बारावी माझी होती, तिच्याबद्दल ती काहीच बोलली नाही. नगरपंचायतीनं पाइप बदलायचा प्रस्ताव वर पाठवला होता. तो मंजूर होईपर्यंत भीमनगरनं चौकातल्या नळाचं पाणी न्यावं, असं तिथल्या साहेबांचं म्हणणं होतं.

"चौकातलं पानी मी पाहिली, साफ आहे," अन्नपूर्णा म्हणाली. "तीन-चार महिन्यांची गोष्ट आहे."

सगळे भोजराजजींकडं बघत होते आणि ते जमिनीकडं. मग मी उठलो. मी म्हणालो, त्यांचं पाणी साफ आणि आमचं घाण, हे आम्ही जन्मापासून ऐकत आलो आहोत, आता ते आमच्याच सुनेच्या तोंडून ऐकायचं बाकी होतं. म्हणालो, शिशीतलं औषध जुनं असेल. म्हणालो, ज्या चौकात भोजराजजींची आई उन्हात उभी राहिली, तिथं आमच्या लेकी गुंड घेऊन जाणार नाहीत. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला आवडल्या, हे खोटं कशाला बोलू?

टाळ्या थांबल्यावर अन्नपूर्णानं विचारलं, "गुरुजी, तुमची शिशी पाहिली का?"

मी खाली बसून घेतलं. भोजराजजी काठी घेऊन उठले आणि सुनेकडं न बघता घरी गेले.

त्यानंतर ती रोज सायकलवर दोन गुंड बांधून एकटीच चौकात जायची. वस्तीतल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. सासरे त्या पाण्याला शिवले नाहीत, तेव्हा ती त्यांच्यासाठी आमच्याच नळाचं पाणी उकळून, गाळून ठेवायची. माझ्या बायकोला, रुख्माला, तिनं नळावर गाठून पुन्हा सांगितलं. रुख्मानं चार दिवस पाणी उकळलं. पाचव्या दिवशी पिंकी म्हणाली, "बाबा, हे बेचव लागते. मले नळाचंच द्या." मी हसून माठातून तांब्या भरला आणि दिला. तो तांब्या मला अजून दिसतो.

फेब्रुवारीच्या मध्यात पिंकीला ताप आला, अन्न पोटात ठरेना. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसले. वस्तीत आणखी सहा जणांना कावीळ निघाली, ते सगळे पुढं बरे झाले. पिंकीला आठवा महिना होता. गोंदियाला नेलं, तिथून नागपूरला न्या म्हणाले. भंडारा ओलांडेपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. नागपुरात दुसऱ्या दिवशी आधी बाळ गेलं, मग ती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला एकच विचारलं होतं, "पाणी उकळून पीत होता का?"

अन्नपूर्णा मातीला आली होती. रुख्माला धरून बसली आणि एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती, मला तोंडावर शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

मृत्यूच्या दाखल्यासाठी पिंकीचे कागद लागत होते. मार्चच्या दहा तारखेला मी कपाट उघडून हजेरीपट बाहेर काढले आणि मागून शिशी घरंगळत आली. चिकटपट्टीवर अन्नपूर्णाचं वाकडंतिकडं अक्षर होतं: गुरुजी, भीमनगर, आठ जानेवारी. आतलं पाणी काजळासारखं काळं होतं. जानेवारीच्या नऊ तारखेला मी नुसतं कपाट उघडलं असतं तरी पुरलं असतं. मी तिथंच जमिनीवर बसलो आणि मोठ्यानं रडलो. पिंकीला नेताना मला रडू आलं नव्हतं.

वीस मार्चला वस्ती नळाच्या ओट्याशी जमली. नेहमीसारखे निळे झेंडे होते, पण आवाज नव्हता. आदल्या दिवशी अन्नपूर्णानं तोटीला लाल रंग लावला होता. पाणी पिण्यालायक नसलं की तसा रंग लावतात. काही जण कुरकुरत होते, आजच्या दिवशी तरी नको होतं म्हणत होते. भोजराजजी तांब्या घेऊन आले, लाल तोटी बघून थांबले.

मी पुढं झालो. खिशातून शिशी काढून ओट्यावर ठेवली. म्हणालो, "ही माझ्या घरची आहे. अन्नपूर्णानं ठेवायला दिली होती. मी पाहिली नाही. विहारात मी जे बोललो ते चूक होतं. माझी लेक त्याच्यात गेली."

एवढंच बोलता आलं. भोजराजजींनी शिशी उचलून डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ बघितली. मग सुनेकडं वळले. जानेवारीपासून ते तिच्याशी बोलले नव्हते.

"चौकातलं पानी आज पाहिली का तू?"

"पाहिली मामाजी. सकाळीच पाहिली. साफ आहे."

"मंग चाल."

म्हातारा काठी टेकत निघाला. त्याच्यामागं अन्नपूर्णा, मग मी, मग रुख्मा, मग हळूहळू सगळी वस्ती. चौकात दुकानं उघडी होती. किराणावाला मुन्नालाल गल्ला सोडून धावत बाहेर आला. भला माणूस आहे, त्याला इतकी माणसं बघून काय सुचेल? त्यानं भोजराजजींच्या हातातला तांब्या धरला.

"बाबाजी, आप बैठो. मैं भर देता हूँ."

"नाही मुन्नालाल," भोजराजजी म्हणाले. "भरून नको देऊ. तोटी मीच खोलतो."

मुन्नालालनं तांब्या सोडला आणि बाजूला झाला. भोजराजजींनी तोटी उघडली. ओंजळ भरली, पण त्यांनी ती तोंडाला लावली नाही. पंचेचाळीस वर्षं पहिली ओंजळ पिणाऱ्या त्या माणसानं ती अन्नपूर्णासमोर धरली. ती मागं सरली. "घे," ते म्हणाले. तिनं वाकून दोन्ही हातांत ते पाणी घेतलं आणि प्यायली. तेव्हा मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

मग माझी पाळी आली. पाणी गार होतं आणि त्याला ब्लिचिंगचा वास होता. ज्या वासाला मी पंचवीस वर्षं नावं ठेवली, तो ओंजळीत नाक घालून घेतला आणि पाणी प्यायलो. माझ्या दारापासून तो नळ चारशे पावलांवर आहे. परत येताना मी ती मोजली.