राजक्काचा चिमटा

राजक्का बोलायच्या आधी चिमटा काढायची. मयताच्या घरी कुणी हसलं, चिमटा. नळावर कुणी भांडाय लागलं, चिमटा. माझ्या बाळाच्या गालाला तर येताजाता, आन वर म्हणायची, "माझ्या हातानंच शानी झाली ही समदी गल्ली!"

आमची शेजारीण ती. माझ्या नवऱ्याचं काम सुटलं तवा शाळेचे युनिफॉर्म शिवत्यात त्या कारखान्यात तिनंच मला नेलं, ती तितं लई जुनी. बाळ अंगावर पीत हुतं, मला एवढंच इचारायचं हुतं की सुटायचं कवा, आन मधी घरला जाऊन पाजून आलं तर चालंल का. तितल्या शिलाईच्या मास्तरानं शर्टाचा खिसा लावाय दिला, बघितला, म्हणला, "हात बरा हाय. उद्यापासनं ये." मी तोंड उघडलं आन दंडाला असा चिमटा बसला की डोळ्यात पाणीच. "येते म्हण," अक्का कानात म्हणली. मी म्हणलं, येते.

जिन्यात म्हणली, "आगं येडे, आधी हात दाखवायचा, मग तोंड. पयल्याच दिशी टाईम इचारला की त्यास्नी वाटतं, ही कामाला न्हाय, सुटी मागाय आली. महिनाभर मान खाली घाल, मग इचार." मला पटलं. महिन्यानं भीत भीत इचारलं तर मास्तर म्हणला, "तवाच का न्हाय बोललीस? आता समद्यांचं तेच तुझं." सुटंस्तवर अंधार पडायचा. हितं दूध ब्लाउजात झिरपायचं, तिकडं बाळ सासूच्या मांडीवर बाटलीला लागलं.

परवा अक्का सोताच्या लेकीला घिऊन आली, तिचंबी तान्हं. मी शेजारच्याच मशीनवर. पोरीनं खिसा लावला, मास्तर म्हणला, "ये उद्यापासनं," आन अक्कानं तिला चिमटा काढला. मला वाटलं, झालं, हिलाबी गप केली. तर अक्का म्हणती, "बोल की गं! वाटंनं काय शिकवलं तुला? त्यानं ये म्हणल्यावर, आपण येते म्हणायच्या आधी, समदं इचारायचं!" पोरीनं इचारलं, सुटायचं कवा, पाजाय सोडणार का, फंड हाय का. मास्तर हसला. "हाय की फंड. पाचला जा, दुपारी पाजून ये."

माझी मशीन थांबली. म्हणलं, "अक्का, मला का न्हाय शिकवलं?"

"तू काय बाय बोलली असतीस, तर मास्तरापुढं माझा शब्द गेला असता की. ही लेक हाय माझी."

आन सवयीनं तिचा हात माझ्या दंडाकडं आला. मी दंड मागं वढला. उठावं, मास्तराला परत इचारावं म्हणलं, पर कामावरनं काढलं तर? मशीन चालू केली. अंधार पडाय अजून लई येळ हुता.