मी त्या वर्गाची मिस होते

"ये पहनो."

मदरनी माझ्या हातात लुगडं ठेवलं. पांढरं, निळ्या काठाचं, जाडंभरडं. शाळेतल्या आया नेसायच्या ते. सकाळची वेळ. बालवर्गाच्या मुली अजून यायच्या होत्या. मी फळ्यावर मोठा 'क' काढून ठेवला होता. मला वाटलं, कुणा आयाला द्यायचं असेल.

"किसको देना है, मदर?"

"तुमको. एक दिन का बात है. आज तुम आया बनेगा."

मदर शाळेच्या मुख्य. परदेशातून आलेल्या. हिंदी असंच बोलायच्या, मोडकंतोडकं. एरवी आम्ही शिक्षिका मागे हसायचो. त्या दिवशी हसू आलं नाही.

मग त्यांनी समजावलं. अगदी शांतपणे. कमलच्या आईसाहेब शाळा बघायला येणार होत्या. मोठं सरदार घराणं. कमल माझ्या वर्गात होतीच, त्यांच्या नात्यातल्या आणखी चार मुली येण्याचं घाटत होतं. आणि त्यांनी निरोप पाठवून विचारलं होतं, लहान मुलींना कोण शिकवतं, बाई कुठल्या जातीची. मदरनी कळवलं होतं, पियानोची मिस शिकवते. ती गोरी मिस आज माझ्या खुर्चीत बसणार होती. मी दाराशी उभं राहायचं.

मी नेसले.

हे आधी सांगून टाकते. कुणी मारलं नाही, धरलं नाही. सामानाच्या खोलीत गेले, मोडक्या बाकांच्या आड उभी राहिले, माझं इस्त्रीचं पातळ सोडलं आणि ते लुगडं गुंडाळलं. वहाणा काढायला मदरनी सांगितलं नव्हतं. त्या मी आपणहून काढल्या.

आईसाहेब आल्या. अत्तराचा वास पुढे, त्या मागे. पियानोच्या मिसला मराठीचा गंध नव्हता. ती छडीने माझा 'क' दाखवत होती आणि "का, का" म्हणत होती. मुली खुदखुदत होत्या. तेवढ्यात कमल उठली. पाच वर्षांची पोर. पाटी घेऊन खुर्चीसमोरून सरळ पुढे आली, दारापाशी, माझ्याकडे.

"मिस, बघा ना. माझा क पोटात तुटतोय."

आईसाहेब म्हणाल्या, "अगं, मिस तिकडे आहेत. ही आया."

"नाही. ह्याच मिस."

वर्ग हसला. पियानोची मिस हसली. मदर हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

मी कमलला म्हणाले, "ताईसाहेब, मी आया आहे."

कमल माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने फ्रॉकने पाटी पुसली आणि जागेवर जाऊन बसली. दिवसभर तिने माझ्याकडे मान वळवली नाही. ही मुलगी पहिला महिनाभर शाळेत एक शब्द बोलली नव्हती. तिला मी बोलतं केलं होतं. आणि मी तिला शिकवलं होतं, खोटं बोलायचं नाही.

आम्ही महार. आजोबा फौजेबरोबर दक्खनेतून आले आणि ग्वाल्हेरातच राहिले. शहराच्या लष्कर भागाच्या अगदी टोकाला आमची वस्ती. तिथे मोठे फादर आले तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. म्हातारा इटालियन माणूस, दाढी छातीवर. दाल बाजाराच्या मागे भाड्याच्या खोलीत राहायचे. रविवारी रेल्वेतले चार-दोन किरिस्ताव जमायचे, तेवढंच त्यांचं चर्च. मग प्लेगचं साल आलं. शहराने आमच्या वस्तीकडे पाठ फिरवली. हा माणूस आला. मेलेल्यांना हाताने उचललं. माझ्या धाकट्या भावाला त्याने आपल्या झग्यात गुंडाळून नेलं आणि पुरलं. त्यानंतर बा किरिस्ताव झाला. देव कुठला, हे त्याने विचारलं नाही. आलं कोण, एवढंच बघितलं.

वस्तीच्या कडेला जमीन मिळाली. पत्र्याचं चर्च उभं राहिलं. शेजारी लिंबाखाली शाळा. अकरा पोरं. सगळी आमच्याच वस्तीची. मी त्यातली एक. फादर मातीत बोटाने अक्षर काढायचे आणि आमचं बोट धरून त्यावरून फिरवायचे. मला आठवतंय, पहिल्यांदा कुणी परक्याने माझा हात धरला होता. घरी येऊन मी तो हात आयेला दाखवला.

पुढे दगडी चर्च बांधायला काढलं. टेकडीवरून दगड आणायला बा, काका, वस्तीतले सगळे बाप्ये. आयाबाया चुना चाळायला. दोन वर्षं आमची घरं चुन्याने पांढरी होती. चर्च झालं. आत पुढे बाक लागले. ते रेल्वेच्या साहेब लोकांचे, गोऱ्या-निमगोऱ्या कुटुंबांचे. मागे सतरंजी. ती आमची. कुणी तसं लिहून लावलं नव्हतं. पण बा कधी चुकूनही बाकावर टेकला नाही.

मग सिस्टर आल्या, मदर आल्या. शाळेला दगडी इमारत झाली. इंग्रजी वर्ग निघाले. फूलबागेकडच्या बंगल्यांतून बग्ग्या यायला लागल्या. लिंबाखालच्या पोरांना इमारतीच्या मागे, तबेल्याला लागून एक खोली दिली. तिला 'पीछेवाली' म्हणायचे. शाळा वाढली. आम्ही मागे सरकलो. पुन्हा शाळा वाढली. पुन्हा आम्ही मागे सरकलो. मोठे फादर तोवर वारले होते.

मला पीछेवालीतून उचलून सिस्टरांनी आग्र्याला शिकायला पाठवलं. उपकार म्हणून मी हे पुष्कळ वर्षं सांगत असे. खरं कारण वेगळं होतं. सरदारांच्या, दरबारी लोकांच्या लहान मुली घरात मराठी बोलायच्या. हिंदी अर्धवट, इंग्रजी शून्य. सिस्टरांना मराठी येत नव्हती. मला येत होती. आग्र्याहून आले तेव्हा मी घरची बोली जिभेवरून खरवडून काढली होती. 'न्हाई' गेलं, 'नाही' आलं. सात वर्षं मी बालवर्ग शिकवला. सात वर्षं माझी जात बंगल्यांतल्या कुणाच्या लक्षात आली नाही. त्याचा मला अभिमान होता. आज त्या अभिमानाची लाज वाटते.

त्या दिवशी घरी येऊन बाला सांगितलं. बा अंगणात बिडी ओढत होता.

"खुर्ची कुनी दिली तुला?" बा म्हणाला. "त्यांनीच ना? एक दिस मागितली, दिली. काय झिजलं?"

"बा, त्यांनी खुर्ची नेली असती तर चाललं असतं. त्यांनी माझ्या तोंडून वदवून घेतलं."

"पोरी, आपल्याला कोन जवळ करत व्हतं? यांनी केलं. इसरू नको."

"जवळ करणारा मेला, बा."

बाने बिडी विझवली. आत निघून गेला.

झोप लागेना. वर्गात मन लागेना. फळ्याकडे वळले की पाठीला कमलची नजर लागायची. कधी वाटायचं नोकरी सोडावी. कधी वाटायचं, एवढ्याशा गोष्टीचं काय मोठं. कधी कमलला जवळ घेऊन सांगावं वाटायचं, बाळ, मीच मिस. पण सांगणार काय? त्या दिवशी खोटं का बोलले, हे पाच वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? जात काय असते हे तिला मीच शिकवायचं का?

गुड फ्रायडेच्या आधी नव्या फादरनी प्रवचनात पेत्राची गोष्ट सांगितली. येशूला धरून नेलं तेव्हा पेत्र म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. तीनदा म्हणाला. मी सतरंजीवर बसून ऐकत होते. पेत्राने दुसऱ्याला नाकारलं. मी स्वतःला. त्याला जीव वाचवायचा होता. मला नोकरी.

मी पापकबुलीला गेले. जाळीपलीकडे फादर.

"मी खोटं बोलले, फादर."

"किससे?"

"एका लहान मुलीशी."

"छोटा पाप है. तीन बार मरियम की प्रार्थना बोलो."

"आणि ज्यांनी बोलायला लावलं, त्यांनी किती वेळा बोलायची?"

जाळीपलीकडे पडदा ओढल्याचा आवाज आला. मी उठले. गुडघ्यांना सतरंजीची नक्षी उमटली होती. बाहेर ऊन होतं. त्या उन्हात उभी राहून मी प्रार्थना म्हटली नाही. एकदाही नाही.

हिवाळ्यात नव्या खोल्यांचा पाया भरायचा ठरला. समारंभाला दरबारी मंडळी येणार. आईसाहेब येणार. समारंभाच्या सकाळी मदर वर्गात आल्या. हातात तेच लुगडं.

"नाही, मदर."

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं. त्यांनी लुगडं पुढे केलं.

"नहीं पहनूँगी."

"स्कूल के लिए." त्यांचा आवाज खाली आला. "तुम्हारा अपना स्कूल."

"म्हणूनच नाही."

पियानोची मिस दारात उभी होती. मी खुर्चीत बसले. वही उघडली. हजेरी घ्यायला लागले. मुली नाव आलं की "हजर, मिस" म्हणायच्या. आईसाहेब आत आल्या तेव्हा मी कमलच्या नावावर होते.

"हजर, मिस."

आईसाहेबांनी मला ओळखलं. "ही तर आया ना?"

मी उभी राहिले. "नाही, आईसाहेब. मी ह्या वर्गाची शिक्षिका. सात वर्षं झाली. मागे आया म्हणून उभी होते, ते खोटं होतं. मी महाराची आहे. कमलला अक्षरं मी शिकवली."

मग कमलकडे वळले. तिला म्हणाले, "त्या दिवशी तू खरं बोललीस. मी खोटं बोलले."

आईसाहेबांनी कमलचं मनगट धरून तिला बाकातून ओढलं. पाटी खाली पडून फुटली. मी खिडकीतून बघितलं. बग्गीत बसवायच्या आधी त्यांनी तिला विहिरीवर उभं केलं. बरोबर आलेल्या बाईने पोहरा काढला. कपड्यांसकट, थंडीत, डोक्यावरून पाणी. एक पोहरा, दुसरा, तिसरा. कमल ओरडत होती. काय ओरडत होती ते मी सांगणार नाही. ते माझ्याकडेच राहू दे.

पुष्कळांनी मला विचारलं, पोरीचे हाल तुझ्यामुळे झाले ना? आधी मी गप्प बसायचे. आता बसत नाही. पाणी मी ओतलं नाही. ज्यांनी ओतलं त्यांना विचारा.

आठवड्यात नऊ मुली शाळेतून गेल्या. मदरनी मला बोलावलं. रागावल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हेही खरं. म्हणाल्या, आईसाहेबांना माफीची चिठ्ठी लिही, मग पीछेवालीत तरी ठेवता येईल. कोरा कागद पुढे केला. दौत पुढे केली. मी दौतीला झाकण लावलं आणि बाहेर पडले. मदर वाईट नव्हत्या. त्यांना शाळा वाढवायची होती. माझ्या पाठीवर पाय देऊन वाढत होती, हे त्यांनी बघायचं टाळलं. एवढंच. पण एवढंच पुष्कळ असतं.

बा दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मग एका रविवारी चर्चला जायला निघाला आणि उंबऱ्यातून परत फिरला. "गुडघे दुखत्यात," म्हणाला. त्यानंतर तो कधी गेला नाही. गुडघे मात्र कधी वैद्याला दाखवले नाहीत. मी संस्थानाच्या अस्पृश्यांच्या शाळेत लागले. तिथे वीस वर्षं होत आली. तिथे फळ्याला पाय नाही, पत्रा गळतो. मुलं मला बाई म्हणतात.

मागच्या महिन्यात आताचे फादर घरी आले. तरुण आहेत, चांगले वाटले. चर्चला आणि शाळेला चाळीस वर्षं झाली, उत्सव आहे, इतिहासाची पुस्तिका छापायची आहे. पहिल्या अकरांपैकी मी एकटीच इथे उरले. लिंबाखालच्या आठवणी सांगा, म्हणाले. मोठ्या फादरांबद्दल सांगा.

त्यांच्याकडे पुस्तिकेचा कच्चा मजकूर होता. मी तो मागून घेतला, वाचला. कोणत्या साली कोणती इमारत, कोणाची देणगी. शिक्षकांची यादी. बालवर्गापुढे पियानोच्या मिसचं नाव. त्या सात वर्षांसकट.

"हे चूक आहे," मी म्हणाले. "इथे माझं नाव घाला."

"पुराने कागज़ में जो था, वही लिखा है, बहन."

"मग जुने कागदही चूक आहेत."

ते कानकोंडे झाले. अगली बार देखेंगे, म्हणाले. पुढच्या खेपेला. पुढची खेप म्हणजे शाळेचं पन्नासावं वर्ष. तोवर मी नसेन. मी त्यांना चहा दिला आणि एकही आठवण सांगितली नाही.

ते गेल्यावर लिहायला बसले. हे तेच. कुणी छापणार नाही, ठाऊक आहे. येत्या रविवारी उत्सव. बाकांवर जुनी-नवी मोठी माणसं बसतील. प्रार्थना सुटली की मी चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून हे वाचणार आहे. फादरना तसं कळवलंय. ते म्हणाले, "बहन, उस दिन नहीं." त्याच दिवशी. मराठीत. वस्तीतल्यांना कळेल अशा मराठीत, बंगल्यातल्यांनाही कळेल.

मधेच घंटा वाजवून माझा आवाज बुडवतील, असं काही जण म्हणतात. वाजवू देत. घंटा थांबेपर्यंत मी उभी राहीन. मग पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचीन.