या वेळी काही उरलं नाही

पेचकाकांना इमारतीत कुणी खऱ्या नावाने ओळखत नसे. पेच दिसला की फिरवायचा हा स्वभाव, म्हणून पेचकाका. नोकरी झाली पोस्टात, पार्सल खात्यात. आता तुम्हीच विचार करा, ज्या माणसाला दिसेल ते उघडून बघायची खाज, त्याच्या हाती जन्मभर बांधलेली पार्सलं दिली आणि वर बजावलं, की एकही उघडायचं नाही! निवृत्त झाल्यावर ती सगळी तुंबलेली हौस बाहेर पडली आणि घरातल्या वस्तूंची धडगत राहिली नाही. मिक्सर झाला, इस्त्री झाली, भिंतीवरचं घड्याळ झालं. पंखा उलटा फिरायला लागला तेव्हा, "फिरतोय ना? मग झालं तर!" म्हणून काकांनी विषय मिटवला.

दर वेळी काहीतरी उरायचंच. एखादा स्क्रू, एखादी स्प्रिंग. ते बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जायचं. "कंपनीवाले दोन वस्तू जास्तीच्याच घालतात," असं काका छातीठोकपणे सांगायचे.

त्यांना आवर घालणारं माणूस एकच, त्यांची बायको. त्या शाळेत कवायत शिकवायच्या, त्यामुळे सगळ्यांच्या बाई. आवाज असा खणखणीत, की मैदानाच्या या टोकाला "ताठ!" म्हटलं की त्या टोकाचा शिपाईसुद्धा ताठ व्हायचा. घरात काकांनी पेचकस उचलला रे उचलला, की स्वयंपाकघरातून "अहो!" यायचं आणि पेचकस मुकाट्याने खाली जायचा.

मग बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. राहिली नुसती कुजबुज. त्यात काकांचे कान आधीच यथातथा. बाई काही बोलल्या की काका न ऐकताच "हो हो" म्हणायचे आणि आपल्या उद्योगाला लागायचे. आता कुणी अडवणारं नाही म्हटल्यावर माणूस सुखात असायला हवा की नाही? पण छे! काकांना करमेना. पेचकस उचलायचे, क्षणभर स्वयंपाकघराकडे कान लावायचे आणि तसाच ठेवून द्यायचे.

बाईंचा तो आवाज आता एकाच ठिकाणी होता, एका सीडीत. इमारतीतल्या बायकांचा व्यायामवर्ग त्या घ्यायच्या, त्यासाठी तब्येत धडधाकट असताना घरीच भरलेली सीडी. ऑपरेशननंतर वर्ग त्या सीडीवरच चालायचा. बाई समोर उभ्या राहून हात-पाय हलवायच्या आणि मागून त्यांचाच आवाज आकडे मोजायचा. दुसरी प्रत काढून ठेवू, असं मुलगी कितीदा म्हणाली होती, पण राहून गेलं ते गेलंच.

आणि एके दिवशी सीडी प्लेअर बसला. दिवा लागायचा, पण सीडी जागची हलायची नाही. मुलीच्या कॉम्प्युटरमध्ये घातली, जावयाच्या गाडीत घातली. सगळ्यांनी ती ओळख न दाखवता बाहेर टाकली. घरी भरलेल्या त्या जुन्या सीडीला चालवून घेणारं यंत्र जगात ते एकच. दुकानदाराने ते नुसतं बाहेरून पाहिलं आणि म्हणाला, "काका, याला आता हात जोडा."

त्या दुपारी बाईंनी स्वतः पेचकस आणून काकांच्या हातात दिला. आणि गंमत बघा, जन्मात पहिल्यांदा परवानगी मिळाली तर काका पेचकस बाईंनाच परत द्यायला लागले! हे बिघडलं तर बाईंचा आवाज कायमचा गेला, एवढं त्यांना बरोबर कळत होतं.

पण काय सांगू, काका त्या दिवशी शहाण्यासारखे वागले. स्क्रू काढले ते वाट्यांमध्ये वेगवेगळे ठेवले. मीटर लावून जागोजाग व्होल्ट तपासले. आतल्या लोखंडी पट्टीवर दोन रेग्युलेटर बसवले होते. येईल ती वीज अडवून पुढे मोजकीच सोडायची, हे त्यांचं काम. अधिक पाच व्होल्टवाला इमानदारीत पाच देत होता. उणे पाचवाला मात्र शून्यावर हात बांधून बसला होता.

"सापडला चोर!" काका ओरडले. दुकानात जाऊन अगदी त्याच नंबरचा नवा आणला. जुना सोडवून बिस्किटांच्या डब्यात फेकला. नवा पट्टीवर कसला, त्याचे तिन्ही पाय सोल्डर केले, झाकण लावलं. मग सगळ्या वाट्या उलट्या करून टेबलावर आपटल्या. रिकाम्या!

"बघ! या वेळी काही उरलं नाही!"

बाई डबा हातात घेऊन काहीतरी सांगत होत्या. "हो हो, कळलं," म्हणत काकांनी बटण दाबलं.

फट्! दिवासुद्धा गेला.

काका मटकन खाली बसले. "संपलं," ते म्हणाले. "घालवला मी तुझा आवाज. कशाला दिलास गं मला पेचकस?" त्यांचे डोळे भरून आले होते.

बाईंनी सरळ त्यांचा कान पकडला आणि तोंडापाशी ओढला. "केव्हाची सांगतेय. हे उरलंय!"

जुन्या रेग्युलेटरच्या पाठीला अभ्रकाची पातळ, काचेसारखी पारदर्शक चकती चिकटलेली होती. उणे व्होल्टवाल्याच्या पाठीतसुद्धा वीज खेळत असते. ती पट्टीला टेकू नये म्हणून मधे ही चकती लागते. ती राहिली, म्हणून फ्यूज उडाला होता.

"फ्यूजच फक्त!" काका उठून नाचायचेच बाकी होते. चकती बसवली, फ्यूज बदलला. पुन्हा झाकण बसवायला घेतलं, एक स्क्रू पिळला, पण धीर कुठला! तसंच बटण दाबलं. सीडी गरगरली.

"एक! दोन! पोट आत! तीन! अहो! तो मिक्सर उघडू नका म्हटलं ना! चार!"

काकांच्या हातून पेचकस गळून पडला. "नाही गं, नाही उघडत!" ते दचकून बोलून गेले. बाई पोट धरून हसायला लागल्या, पण त्या हसण्याचा आवाज काही आला नाही.

मग बाईंचे ओठ हलले. तिकडे सीडी "पाच! सहा!" म्हणत घर डोक्यावर घेत होती. ज्या आवाजासाठी एवढा खटाटोप केला, तो काकांनी स्वतःच्या हाताने बंद केला आणि आपली खुर्ची बाईंच्या खुर्चीला खेटून ओढली.

"काय म्हणालीस? पुन्हा सांग. नीट ऐकतो."

"तीन स्क्रू उरलेत," बाई म्हणाल्या.