गोष्टीतला बाप

गोष्ट ऐन रंगात आली की गुरुजी पुस्तक मिटायचे. पानांत बोट तसंच अडकवलेलं. चष्म्यावरून चौथीच्या वर्गाकडे बघत विचारायचे, “हं. आता हा काय करील?”

कळंबजवळच्या वस्तीवर आमची शाळा. ते चौथीला शिकवायचे, मी शेजारी तिसरीला. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांची गोष्ट थांबली की माझाही वर्ग कान टवकारायचा.

सुरुवातीला पोरांचं एकच उत्तर असे, “मरंल!” मग तो राजा असो नाहीतर कोंबडी. गुरुजी शांतपणे म्हणायचे, “कशावरून?” मग स्वतःच सांगायचे, “नुसते अंदाज तर टपरीवर बसलेली माणसंही बांधतात. तो आतापर्यंत कसा वागला ते बघा, मग बोला.”

हळूहळू पोरं तयार झाली. एका गोष्टीत चिकट दुकानदाराच्या दुकानात कुणीतरी नवीकोरी छत्री विसरून जातं. “परत दील,” श्रावणी म्हणाली. “कशावरून?” “मगाशी त्यानं मांजराला दूध घातलं की!” गुरुजींनी पुढचं पान वाचलं. दुकानदारानं छत्री विकून टाकली होती. गुरुजी म्हणाले, “तुझं बरोबर आहे. लिहिणाऱ्याचं चुकलंय.”

एकदा तपासणीला साहेब आले. पोरांना खरंच काही येतं का, असं त्यांनी जरा छद्मीपणेच विचारलं. गुरुजी वर्गाकडे वळले. “सांगा, आता साहेब काय करतील?”

“च्या पितील आन् जातील!”

“कशावरून?”

“आल्यापास्नं सारखं घड्याळच बघत्यात!”

साहेब हसले, चहा प्यायले आणि गेले. शेरा मात्र ‘उत्तम’ दिला.

तर असे आमचे गुरुजी. गोष्टीतली माणसं त्यांना बरोबर कळायची. बाहेरच्या माणसांबद्दलचा त्यांचा एक अंदाज खरा ठरेल तर शपथ. मी रुजू झाले तेव्हा ते म्हणाले होते, “ह्या बाई वर्षभरात बारामतीला बदली मागणार.” मी अजून इथंच आहे.

पत्नी गेल्यापासून इंदापूरच्या घरी ते आणि मुलगा, दोघंच. मुलानं शिक्षक व्हावं ही त्यांची इच्छा. तो डी.एड. अर्धवट सोडून बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात लागला आणि तिथल्याच एका मुलीशी परस्पर लग्न करून मोकळा झाला. “या घरात पाऊल टाकू नकोस,” असं गुरुजींनी त्याला बजावलं, आणि मला सांगितलं, “महिन्याभरात येतो की नाही बघा, बाई.”

“कशावरून?” मी विचारलं.

“ते वर्गात!” म्हणून ते तडकले.

महिना गेला, दिवाळी गेली, दुसरी दिवाळीही गेली. नात झाल्याचं गुरुजींना तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

त्यानंतर एके दिवशी त्यांनी वर्गात पुस्तक उघडलंच नाही. “एक माणूस होता,” त्यांनी सुरुवात केली. “हट्टी. त्यानं मुलाला सांगितलं, घरी येऊ नकोस.” मग तो मुलगा विहिरीत पोहायला कसा शिकला, त्याला गुळाची पोळी किती आवडायची, आजारी आईचे पाय कसा चेपायचा, असं बराच वेळ सांगत राहिले. शेवटी नेहमीचा प्रश्न आला. “आता हा मुलगा काय करील?”

“पोरगा न्हाय येणार, गुरुजी,” श्रावणी म्हणाली. “त्याला बापानंच येऊ नगं म्हनलंय. बाप जाईल.”

“अगं, बाप हट्टी आहे. सांगितलं ना मी?”

“व्हय, पन गोष्ट बापाची आन् त्यात सगळं पोराचंच हाय. बापाच्या मनात दुसरं काय हायच न्हाय.”

भिंतीपलीकडून शाबासकी ऐकू आली नाही.

रविवारी ते बारामतीला गेले. सोमवारी मधल्या सुट्टीत मला म्हणाले, “दार सुनेनं उघडलं. नातीला मांडीवर घेतलं तर तिनं भोकाड पसरलं. तेवढ्यात हा कामावरून आला. माझ्याकडं बघितलं, बूट काढले आणि म्हणाला, ‘आबा, चष्मा काढा. चष्म्याला घाबरते ती.’”

“मग?”

“मग काय. काढला,” म्हणाले, आणि डबा न उघडताच उठून वर्गात गेले.

पुढं त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला. गुरुजी तासभर तरी बोलणार, असा आम्हा सगळ्यांचा अंदाज होता. मुख्याध्यापक प्रास्ताविकाला उभे राहिले आणि फाटकाबाहेर मोटरसायकलचा हॉर्न वाजला. मुलगा न्यायला आला होता. पुढं टाकीवर नात बसलेली, सारखा हॉर्न दाबत होती. गुरुजी खुर्चीवरून उठले, आम्हाला घाईघाईनं नमस्कार केला आणि निघाले. पोरं त्यांच्यामागं फाटकापर्यंत पळाली.

शाल आणि नारळ टेबलावरच राहिले. कागदात डोकं घालून वाचणाऱ्या मुख्याध्यापकांना कळलंच नव्हतं. ते रिकाम्या खुर्चीकडं हात करून गुरुजींच्या संयमाबद्दल बोलत होते.